‘तॉत्सीन्स’ : एका उसन्या निरोपाचा अभ्यास

एका भाषेने दुसऱ्या भाषेकडून शब्द घेणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. मराठीने फारसीकडून कागद आणि दुकान घेतले, पोर्तुगिजांकडून बटाटा, साबण आणि चावी घेतली, इंग्रजांकडून तर किती घेतले याची मोजदाद करणेही अवघड आहे. वस्तू आली की तिच्या पाठोपाठ तिचे नाव येते, हा साधा व्यवहार आहे. तथापि भाषाविज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकांत आपल्याला असेही शिकविले जाते की, भाषेचा जो अगदी घरगुती, रोजच्या वापरातील गाभा असतो तो सहसा उसना घेतला जात नाही. आई, बाप, हात, पाय, एक, दोन, येणे, जाणे हे शब्द प्रत्येक भाषा आपलेच वापरते.

या नियमाच्या कसोटीला लावून पाहावा असा एक शब्द मला इंग्रजीच्या अभ्यासात आढळला. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी बोलणारी माणसे एकमेकांचा निरोप घेताना पुष्कळदा ‘तॉत्सीन्स’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी नाही, आफ्रिकान्स भाषेतील आहे. इंग्रजीत निरोपाच्या शब्दांचा काय तुटवडा आहे? ‘गुडबाय’ आहे, ‘फेअरवेल’ आहे, ‘सो लाँग’ आहे. भांडार भरलेले असताना शेजाऱ्याच्या घरून मूठभर मीठ आणावे तसाच हा प्रकार झाला. ज्याची गरज नव्हती तो शब्द या इंग्रजीने का घेतला असेल? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. शब्द लहान आहे. पण त्याच्या मागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो सर्वच काही गोड नाही.

शब्दाची फोड

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू या. ‘तॉत’ म्हणजे ‘पर्यंत’, आणि ‘सीन’ म्हणजे ‘पाहणे’. ‘तॉत्सीन्स’ म्हणजे ‘पाहण्यापर्यंत’, म्हणजेच ‘पुन्हा दृष्टिभेट होईपर्यंत’. शब्दाचा आघात दुसऱ्या अवयवावर, ‘सीन्स’वर, पडतो. जुन्या लेखनात हे दोन शब्द सुटे लिहिलेले आढळतात. आज आफ्रिकान्समध्ये ते जोडून एकच शब्द लिहितात. मूळ शब्द अर्थातच डच आहे. हॉलंडमध्ये आजही ‘तॉत झीन्स’ म्हणून निरोप घेतात. डचमधील ‘झ’ आफ्रिकान्समध्ये ‘स’ होतो. डच माणूस सूर्याला ‘झॉन’ म्हणतो, तर आफ्रिकान्स बोलणारा ‘सॉन’. त्याच नियमाने ‘झीन्स’चे ‘सीन्स’ झाले.

आता शेवटच्या ‘स’कडे लक्ष द्यावे. क्रियापद ‘सीन’ आहे, मग हा ‘स’ कोठून आला? हा जुन्या डचमधील षष्ठीचा प्रत्यय होय. ‘तॉत’ या अव्ययाबरोबर नामाची किंवा नामासारख्या वापरलेल्या क्रियापदाची षष्ठी येत असे. त्या रचनेचा हा अवशेष आहे. आफ्रिकान्सचे व्याकरण अत्यंत सोपे झालेले आहे. क्रियापद पुरुषाप्रमाणे व वचनाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, तो, आम्ही, सर्वांना एकच रूप. नामांना लिंगभेद नाही, विभक्तीची रूपे जवळजवळ नाहीशी झाली. अशा या झाडून काढलेल्या घरात एका कोपऱ्यात जुना षष्ठीचा ‘स’ मात्र टिकून राहिला, कारण तो निरोपाच्या शब्दात बसला होता आणि निरोपाच्या शब्दाची कोणी फोड करीत बसत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची खूण सापडेल. आपणही ‘पाहणे-पर्यंत’ म्हणत नाही, ‘पाहण्यापर्यंत’ म्हणतो; ‘घर-पर्यंत’ म्हणत नाही, ‘घरापर्यंत’ म्हणतो. या सामान्यरूपाचा उगम प्राकृतातील षष्ठीच्या रूपात आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा ‘तॉत्सीन्स’मधील ‘स’ आणि ‘घरापर्यंत’मधील ‘आ’ हे दोघेही एकाच प्रकारचे वृद्ध रहिवासी आहेत. फरक एवढाच की मराठीत तो घरचा कर्ता आहे आणि आफ्रिकान्समध्ये एका खोलीपुरता उरला आहे.

अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर जगातील निरोपाच्या शब्दांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पाडता येतील. पहिल्या वर्गात जाणाऱ्याला देवाच्या हवाली केलेले असते. फ्रेंच ‘आद्यू’, पोर्तुगीज ‘आदेउश’ आणि इंग्रजी ‘गुडबाय’ हे या वर्गातले. ‘गुडबाय’ हा ‘देव तुझ्याबरोबर असो’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचा आखडलेला अवशेष आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दुसऱ्या वर्गात प्रवास सुखाचा होवो अशी इच्छा असते. ‘फेअरवेल’ आणि आफ्रिकान्स ‘फारवेल’ हे सख्खे भाऊ तेथे बसतात. तिसऱ्या वर्गात पुन्हा भेटीचा वायदा असतो. फ्रेंच ‘ओ रव्वार’, जर्मन ‘आउफ वीडरझेन’, इटालियन ‘आरिव्हेदेर्ची’ आणि आपले ‘तॉत्सीन्स’ या वर्गात येतात. आफ्रिकान्समध्ये ‘फारवेल’ गंभीर व कायमच्या निरोपासाठी राखून ठेवलेला आहे. ‘तॉत्सीन्स’ रोजचा आहे. इंग्रजीने यातला रोजचा शब्द उचलला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आफ्रिकान्स ही भाषा कोणाची?

‘तॉत्सीन्स’ ज्या भाषेतून आला तिची जन्मकथा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रीबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, आजच्या केप टाउनच्या किनाऱ्यावर उतरला. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला, मांस व पाणी पुरवावे एवढाच त्या ठाण्याचा हेतू होता. ही तीच कंपनी, जिची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यास होती. आपल्या किनाऱ्यावर या कंपनीने काही पडक्या भिंती तेवढ्या मागे ठेवल्या. केपला तिने एक भाषा मागे ठेवली.

ती भाषा हॉलंडमधल्या डचसारखी राहिली नाही. केपला डच शेतकरी होते, जर्मन शिपाई होते, १६८८ पासून आलेले फ्रेंच ह्यूगेनॉट निर्वासित होते. मूळचे खोईखोई लोक होते. आणि मोठ्या संख्येने गुलाम होते. हे गुलाम बंगाल, मलबार व कोरोमंडल किनारा, इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिका येथून आणलेले होते. ही सर्व माणसे स्वयंपाकघरात, गोठ्यात, द्राक्षांच्या मळ्यात आणि बंदरात ज्या मोडक्या डचमध्ये एकमेकांशी बोलली, तिच्यातून आफ्रिकान्स घडली. ‘पुष्कळ’ या अर्थाचा आफ्रिकान्समधील नित्याचा शब्द ‘बाया’ हा मलाय ‘बान्याक’वरून आला. केळ्याला ‘पिसांग’ म्हणतात, तोही मलायच. लोणच्याला आफ्रिकान्समध्ये ‘आचार’ म्हणतात, हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला गंमत वाटेल.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे आफ्रिकान्समधील आरंभीच्या ग्रंथांपैकी काही रोमन लिपीत नसून अरबी लिपीत आहेत. केपच्या मुसलमानांची मुले मदरशात आफ्रिकान्समधून धर्म शिकत. तुर्की सुलतानाने पाठविलेले विद्वान अबू बक्र एफेंदी यांनी त्यांच्यासाठी अरबी लिपीत, पण आफ्रिकान्स भाषेत, धर्माचारावरील ‘बयान-उद्-दीन’ हा ग्रंथ लिहिला. तो १८७७ साली इस्तंबूल येथे छापला गेला. त्याच सुमारास, १४ ऑगस्ट १८७५ रोजी, पार्ल या गावी काही गोऱ्या मंडळींनी ‘खऱ्या आफ्रिकानरांची’ संस्था काढून या भाषेला ग्रांथिक दर्जा मिळवून देण्याची चळवळ सुरू केली. चळवळीचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. पण भाषा ‘खरी’ कोणाची, हा प्रश्न त्या दिवसापासून आजतागायत मिटलेला नाही. २०११ च्या शिरगणतीत आफ्रिकान्स ही मातृभाषा सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गोरे नव्हते.

दोन भाषांचा शेजार

इंग्रजांनी केप प्रथम १७९५ साली व पुन्हा १८०६ साली घेतले. १८२० साली सुमारे चार हजार इंग्रज वसाहतवाले पूर्वेकडील सरहद्दीवर आणून वसविले गेले. लगेच १८२२ साली कारभाराची भाषा इंग्रजी करण्याचा हुकूम निघाला. सत्ता इंग्रजीची होती. परंतु जमीन, हवा, जनावरे आणि शेती यांचे शब्द आधीच डचमध्ये ठरून गेले होते. त्यामुळे इंग्रज वसाहतवाल्याला ते जसेच्या तसे घ्यावे लागले. मोकळ्या माळाला तो ‘फेल्ड’ म्हणू लागला, टेकडीला ‘कॉपी’, घराच्या ओट्याला ‘स्टूप’. बैलगाड्या जुंपून केलेल्या लांबच्या प्रवासाला ‘ट्रेक’ हा शब्द रूढ झाला.

हा ‘ट्रेक’ पुढे जगभर फिरला आणि आपल्या सह्याद्रीतही आला. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी राजगडाला ‘ट्रेक’ला जातात तेव्हा ते बोअर शेतकऱ्यांच्या बैलगाडीचा शब्द खांद्यावरच्या पिशवीतून घेऊन चाललेले असतात. तीच गोष्ट ‘कमांडो’ची. हा शब्द मूळचा पोर्तुगीज. केपच्या डचमध्ये तो घोडेस्वार शेतकऱ्यांच्या तुकडीला लावला गेला, बोअर युद्धात इंग्रजांनी त्याचा मार खाल्ला, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४० साली त्याच इंग्रजांनी आपल्या धाडशी तुकड्यांना ते नाव दिले. आता तो मराठी वर्तमानपत्रांत रोज दिसतो.

येथवर आपला पहिला नियम मोडत नाही. वस्तू नवी, म्हणून शब्द नवा. परंतु शेजार एकदा मुरला की घरातल्या शब्दांचीही देवघेव सुरू होते. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत चवदार किंवा छान या अर्थी ‘लेकर’ आले, होकारासाठी ‘या’ आला, ‘आभारी आहे’साठी ‘डांकी’ आला, आणि निरोपासाठी ‘तॉत्सीन्स’ आला. कुत्र्याला हाकलताना ओरडावयाचा ‘फुत्सेक’ हाही आला. तो ‘पुढे हो, मी सांगतो’ अशा अर्थाच्या डच वाक्याचा चुराडा आहे आणि माणसाला उद्देशून वापरला तर भांडण ठरलेले. म्हणजे जाणाऱ्याला आदराने लावून देण्याचा आणि अपमानाने घालवून देण्याचा, असे दोन्ही शब्द इंग्रजीने एकाच घरून आणले!

या शब्दांची नोंद घेण्याचे कामही तेथील अभ्यासकांनी चिकाटीने केले आहे. चार्ल्स पेटमन यांनी १९१३ साली अशा शब्दांचा एक कोश प्रसिद्ध केला. जीन ब्रॅनफर्ड यांचा कोश १९७८ साली आला. आणि १९९६ साली पेनी सिल्व्हा यांच्या संपादनाखाली दक्षिण आफ्रिकी इंग्रजीचा ऐतिहासिक पद्धतीचा मोठा कोश ऑक्सफर्डने छापला. त्यात ‘तॉत्सीन्स’ला रीतसर स्थान आहे. शब्द कोशात गेला म्हणजे तो पाहुणा राहिला नाही.

निरोपाचाच शब्द का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गरज नसताना हा शब्द का घेतला गेला? माझ्या मते याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण व्याकरणाचे आहे. निरोपाचा शब्द वाक्याच्या बाहेर उभा असतो. त्याला कर्ता नको, कर्म नको, काळ नको. परक्या भाषेतील क्रियापद आणले तर ते आपल्या घरच्या प्रत्ययांत बसवावे लागते. उद्गार मात्र आहे तसा उचलून आणता येतो. म्हणून ‘गाभ्यातील शब्द उसने जात नाहीत’ या नियमात एक पोटनियम जोडावा लागेल : जो शब्द रोजचा आहे, पण वाक्यात गुंतलेला नाही, तो सहज सुटून येतो. आपल्याकडेही तसेच झालेले दिसते. ‘जाणे’ हे क्रियापद आपण कोणाकडून घेतले नाही. पण अंगणातले दोन वर्षांचे पोर हात हलवून ‘टाटा’ करते, आणि त्याची आजीही करते. गोव्यात पोर्तुगीज ‘आदेउश’ कोकणीत इतका मिसळला की निरोपाच्या प्रसंगी गायिल्या जाणाऱ्या सुप्रसिद्ध मांड्यात तो पहिल्याच शब्दाला येतो.

दुसरे कारण शिक्षणाचे व राज्यकारभाराचे आहे. १९१० साली दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला तेव्हा इंग्रजी व डच या राजभाषा ठरल्या. १९२५ साली आफ्रिकान्सला तो दर्जा मिळाला. पुढे आगगाडीची स्थानके, टपाल कचेऱ्या, सरकारी छापील कागद, सर्वत्र दोन्ही भाषा जोडीने दिसू लागल्या. इंग्रज मुलाला शाळेत आफ्रिकान्स शिकणे भाग पडले. परक्या भाषेचा पहिला धडा कोणत्या शब्दांनी सुरू होतो? नमस्कार, आभार आणि निरोप. पुढचे व्याकरण विसरले जाते. हे तीन शब्द जन्मभर राहतात.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निरोप नेहमी समोरच्या माणसाला उद्देशून असतो. आपण ‘फेल्ड’ म्हणतो तेव्हा माळाबद्दल बोलतो. ‘तॉत्सीन्स’ म्हणतो तेव्हा माणसाशी बोलतो. समोरच्याच्या भाषेतील एखादा शब्द जाताना उच्चारणे ही त्याच्या उंबरठ्यावर थोडे वाकण्यासारखी कृती आहे. सर्व संभाषण इंग्रजीत झाले तरी शेवटचा शब्द त्याचा, एवढा मान देता येतो. आणि गंमत अशी की ही देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. आफ्रिकान्स बोलणाऱ्यांनी इंग्रजांच्या ‘गुडबाय’चा ‘कुबाय’ करून घेतला. इंग्रज म्हणतो ‘तॉत्सीन्स’, बोअर म्हणतो ‘कुबाय’. दोघेही घरी जाताना एकमेकांची टोपी घालून गेले, असेच म्हणावे लागेल!

या दोघांच्या भोवती आणखी मोठा शेजार आहे, तो झुलू व खोसा भाषांचा. त्यांची रीत आपल्यापेक्षा व युरोपीय भाषांपेक्षाही निराळी आहे. राहणारा जाणाऱ्याला ‘हांबा काहले’ म्हणतो, म्हणजे ‘नीट जा’. आणि जाणारा राहणाऱ्याला ‘साला काहले’ म्हणतो, म्हणजे ‘नीट राहा’. निरोप दुहेरी आहे. मागे राहणाऱ्यालाही शुभेच्छेची गरज असते, ही जाणीव त्यात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीने हे शब्द कधी तसेच घेतले, तर कधी त्यांचे शब्दशः भाषांतर केले. ॲलन पेटन यांच्या ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ या १९४८ च्या कादंबरीतील पात्रे याच भाषांतरित रीतीने निरोप घेतात. आफ्रिकान्समध्येही ‘मोई लोप’, म्हणजे ‘छान चाल’, असा निरोप आहे. एका देशात इतके निरोप एकमेकांच्या कानावर पडत असताना इंग्रजीने केवळ आपलेच जुने दोन शब्द धरून बसावे, हेच अस्वाभाविक झाले असते.

शब्दावरचे डाग

येथे एक हरकत येईल, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेजार, देवघेव, मान हे सारे खरे. परंतु हा शेजार समानांचा होता काय?

१८९९ ते १९०२ च्या युद्धात इंग्रजांनी बोअरांची शेते जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले; त्यात सव्वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया व मुले मरण पावली. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या, आणि तेथेही हजारो माणसे मेली. युद्धानंतर शाळांतून डचला हुसकून लावण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा आफ्रिकान्स ही दडपलेल्यांची भाषा होती. पण १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि चित्र पालटले. जिने जगाला ‘अपार्थाइड’ हा शब्द दिला तीही हीच भाषा होय. १९७४ साली कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकविण्याचा आदेश निघाला. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील हजारो विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर आले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ही आपल्याच वयाची, काही तर आपल्यापेक्षा लहान, मुले होती. ज्या भाषेने त्यांच्यावर गोळ्या आणल्या, तिच्यातील गोड निरोपाचे कौतुक आपण करावे काय?

हा प्रश्न मला बराच काळ टोचत राहिला. त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी आहे असा माझा दावा नाही. परंतु दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की सोवेटोच्या मुलांचा लढा लादण्याविरुद्ध होता. ‘तॉत्सीन्स’ कोणावर लादला गेला नाही. कोणत्याही आदेशाने इंग्रज माणसाच्या तोंडी तो घातला नाही. आदेशाने शाळेत व्याकरण शिकविता येते, पण फाटकापाशी उभे राहून मित्राला म्हणावयाचा शब्द ज्याचा तो निवडतो. आदेशाची भाषा आणि निरोपाची भाषा एकच असली तरी तिची तोंडे दोन होती.

दुसरी गोष्ट म्हणजे ही भाषा केवळ राज्यकर्त्यांची नव्हतीच. केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीचे उदाहरण घ्या. तेथे गुलामांचे वंशज, मलाय, भारतीय, यहुदी असे सर्व मिसळून राहत आणि आफ्रिकान्स व इंग्रजी मिसळून बोलत. आपल्याला जवळचा वाटावा असा दुवा येथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कोकणी मुसलमान कुटुंबे केप टाउनला जाऊन स्थायिक झाली. त्यांच्या घरातील कोकणी बोलीचा अभ्यास केप टाउन विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी केला आहे. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले असता जोहान्सबर्ग येथे गांधीजींच्या आग्रहावरून ते मराठीत बोलले, कारण श्रोत्यांत कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय होते. आणि त्या भाषणाचे हिंदुस्तानी भाषांतर स्वतः गांधीजींनी केले, असे ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या त्यांच्या ग्रंथात आहे. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाला आणि पुढील वर्षांत सुमारे साठ हजार माणसांना तेथून उठविण्यात आले. ज्यांची घरे पाडली गेली त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडीही आफ्रिकान्स होती. ‘पुन्हा भेटीपर्यंत’ हा शब्द त्या शेजाऱ्यांनी एकमेकांना कोणत्या मनाने म्हटला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

नेल्सन मंडेला यांनी रॉबेन बेटावरील तुरुंगात आफ्रिकान्सचा अभ्यास केला, हे सर्वश्रुत आहे. पहारेकऱ्यांना समजून घ्यावयाचे तर त्यांची भाषा यावयास हवी, असा त्यांचा विचार होता. २४ मे १९९४ रोजी नव्या लोकसभेपुढील आपल्या पहिल्या भाषणात त्यांनी इंग्रिड योंकर या आफ्रिकान्स कवयित्रीची कविता इंग्रजी भाषांतरातून वाचली. १९९६ च्या घटनेने अकरा राजभाषा मानल्या, २०२३ साली खुणांची भाषा बारावी झाली. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे घरी आफ्रिकान्स बोलणारे सुमारे १०.६ टक्के आहेत, इंग्रजी बोलणारे ८.७ टक्के. सत्तेचे कवच गेले तरी भाषा राहिली, आणि तिचा निरोपाचा शब्द शेजारच्या भाषेतही राहिला. सत्तेने पेरलेले शब्द सत्तेबरोबर जातात, माणसांनी पेरलेले उरतात, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण ‘अपार्थाइड’ हा शब्दही उरला आहे, हे विसरून चालणार नाही. भाषेच्या कोशात दोघांनाही जागा असते. कोणता शब्द तोंडात ठेवावयाचा आणि कोणता केवळ इतिहासात, हे बोलणाऱ्यांनी ठरवावयाचे असते.

आपल्या घराकडे पाहताना

या अभ्यासाने माझा स्वतःचा एक लाभ झाला. निरोपाच्या मराठी शब्दांकडे मी प्रथमच लक्ष देऊन पाहिले. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कोणी चुकून ‘जातो’ म्हटलेच तर घरातील वडीलधारी माणसे ‘येतो म्हणावं रे’ असे तत्काळ बजावतात. वर केलेल्या तीन वर्गांत हा शब्द कोठे बसवावा? तिसऱ्या वर्गात खराच, परंतु एका पायरीने पुढचा. ‘तॉत्सीन्स’ भेटीपर्यंतचा काळ मोजतो. ‘येतो’ तो काळ मान्यच करीत नाही, त्याच्या दृष्टीने परतीची वाट सुरू झालेली असते.

‘निरोप’ हा शब्दही असाच पाहण्यासारखा आहे. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, परवानगी. म्हणून आपण निरोप ‘घेतो’ आणि ‘देतो’. इंग्रजीतही ‘टेक लीव्ह’ म्हणतात आणि तेथेही ‘लीव्ह’ म्हणजे परवानगीच. हा शब्द मराठीने इंग्रजीकडून घेतला नाही, इंग्रजीने मराठीकडून घेतला नाही. जाण्यापूर्वी विचारून जावे, ही माणसाची रीत दोन्हीकडे स्वतंत्रपणे उगवली.

तेव्हा परक्या शब्दांचा विटाळ मानणाऱ्यांनी आणि परक्या शब्दांपुढे लोटांगण घालणाऱ्यांनी, दोघांनीही या लहानशा शब्दाची गोष्ट ध्यानात घ्यावी असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीने ‘गुडबाय’ टाकून दिले नाही. ते ठेवून तिने शेजाऱ्याचा शब्द त्याच्या शेजारी ठेवला. मराठीच्या अंगणात ‘टाटा’ आला म्हणून ‘येतो’ जाण्याचे कारण नाही. फक्त तो म्हणणारी माणसे घरात असली पाहिजेत. ‘तॉत्सीन्स’मधला तो जुना षष्ठीचा ‘स’ कोणत्याही व्याकरणकाराने जपला नाही. रोज कोणीतरी कोणाचा तरी निरोप घेत राहिले, म्हणून तो टिकला.